इरल्याच्या अलीकडचे नारळ

मी नेमकं काय शिकवतो, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुण्यांत ओळख करून देताना ते "जावई मास्तर आहेत" एवढंच सांगत आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहाचं बघायला उठत. त्यांचाही दोष नव्हता. शाळामास्तर म्हणावं तर माझे विद्यार्थी मिशांवर ताव देणारे, काहींना नातवंडं झालेली, आणि वर्गात येताना चुन्याचे हात धोतराला पुसत येणारे.

साठच्या दशकात आमच्या मावळातल्या एका सहकारी संघाने लहान बांधकाम ठेकेदारांना धंदा शिकवण्यासाठी लोणावळ्यात एक वर्ग काढला. त्याचा मास्तर मी, शिपाई मी आणि फळा पुसणाराही मीच. वर्ग बाजाराच्या दिवशी दुपारी भरे. त्या दिवशी बांधकामं बंद असत आणि शाळाही अर्धीच असे, त्यामुळे ठेकेदार मोकळे आणि खोली फुकट. दुसरीच्या पोरांच्या बुटक्या बाकांवर ही दणकट माणसं गुडघे हनुवटीला लावून बसत. पहिल्या महिन्यात आम्ही दोन बाकं मोडली, आणि दुरुस्तीही त्यांनीच केली.

लहान ठेकेदार म्हणजे कालचा गवंडी. हात चांगला असतो, ओळंबा डोळ्यातच असतो. कुणीतरी म्हणतं, "तूच का घेत नाहीस काम अंगावर?" आणि तो घेतो. हॉटेलं, दुकानगाळे, भाताच्या गिरण्या, लॉजिंगच्या खोल्या, असली कामं. त्या दिवसापासून त्याच्या हातातली थापी सुटते आणि डोक्यावर गिऱ्हाईक बसतं. दगड कधी येणार, सिमेंटचं परमिट कुठे अडकलं, मजूर किती दिवस टिकणार, मालकाला काय सांगायचं, यातलं काहीच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ते शिकवायला मी होतो. मला तरी ते कुठे येत होतं म्हणा. मी आधी ओव्हरसियर होतो, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा पगार घेत होतो.

हिशेब ही मंडळी पटकन शिकली. मला वाटलं होतं तिथेच घोडं अडेल. अपवाद खंडूचा. खंडू हा खंडाळ्याकडचा ठेकेदार, तोंडाने गोड आणि डोक्याने तल्लख. तो भाव सांगायचा गिऱ्हाईकाच्या पायाकडे बघून. बूट असले तर एक भाव, चप्पल असली तर दुसरा, आणि माणूस अनवाणी असला तर "तुमी द्याल ते."

"अरे, भिंत तीच, दगड तोच," मी म्हणालो. "मग भाव पायावरून कसा ठरतो?"

"मास्तर, तोंड खोटं बोलतं. पाय न्हाई बोलत."

त्याला मी मालाचा आणि मजुरीचा भाव मांडायला बसवलं. तो बिनचूक मांडायला शिकला. पण गिऱ्हाईक आलं की त्याची नजर आधी खालीच जाई. शिक्षणाला मर्यादा असतात.

खरं दुखणं हिशेबात नव्हतं. खरं दुखणं नारळात होतं.

आमच्याकडे ज्याला बांधकाम करायचं तो चांगला दिवस बघून ठेकेदाराच्या घरी नारळ आणि पानसुपारी घेऊन येई. ठेकेदाराने नारळ हातात घेतला की काम घेतलं. कागद नंतर, बोलणी नंतर. कामावरून काढलेल्या माणसाला हातात नारळ मिळतो, आमच्या ठेकेदारांचं काम नारळानेच सुरू व्हायचं. आणि दारात आलेला नारळ परत करायचा नाही, हा नियम. परत करणं म्हणजे त्या घराला अपशकुन आणि माणसाचा अपमान. त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत जो येईल त्याचा नारळ घेतला जाई. मग प्रत्येकाकडे थोडं थोडं काम चालू करायचं. एकाचा पाया खणायचा, दुसऱ्याचं जोतं बांधायचं, तिसऱ्याच्या दारात दगड टाकून ठेवायचे. मालकाला वाटायचं, काम चालू आहे. वैशाख जवळ आला की डोंगरातल्या वाड्यांवरची मजूर मंडळी भाताच्या रोपांसाठी राब भाजायला, शेताच्या तयारीला आपापल्या घरी जात. ती भातकापणी झाल्याशिवाय परत येत नसत. मागे उरत छपरं नसलेल्या भिंती. आणि लोणावळ्याचा पाऊस छप्पर नसलेल्या भिंतीला काय करतो, ते लोणावळ्यात राहिलेल्याला सांगायला नको.

म्हणून पावसाळ्यात ठेकेदार ओळखायची आमच्या बाजारात एक खूण होती. जो दुकानांच्या मागच्या गल्लीतून, छत्री तोंडावर ओढून जातो, तो ठेकेदार. पुढच्या रस्त्याने गेला तर चार मालक आडवे यायचे.

मी वर्गात सांगितलं, "झेपेल तेवढंच काम घ्या. बाकीच्याला नाही म्हणा."

मग मागच्या बाकावरून सखाराम वाळुंज उठला. वलवणचा हा सखाभाऊ वर्गातला सगळ्यात जुना ठेकेदार. त्याने घडवलेला दगड हाताने चाचपला तर सांधा लागायचा नाही. स्वभावाने मऊ, आणि म्हणून सगळ्यांत जास्त अडकलेला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी भाव शिकवा, माप शिकवा. समदं आयकू. पन नारळ मागं फिरवायला नका शिकवू. त्ये आमच्यानं व्हनार न्हाई."

मी हट्टाला पेटलो. खडूच्या डब्याला नारळ ठरवून मी त्यांच्याकडून तालीम करून घेतली. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने नाही म्हणायचं. एकालाही जमलं नाही. कुणी म्हणे "बघतो की," कुणी म्हणे "देवाची मर्जी," कुणी नुसताच हसे. सखाभाऊने तर डबा कपाळाला लावून घेतला आणि खिशात टाकला. सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे येतं? माझ्या भावाने सायकल मागितली तेव्हा 'बघतो की' म्हणालात. अजून ती त्याच्याकडेच आहे."

सुटका झाली ती एका इरल्यामुळे. त्या हिवाळ्यात एकदा मी सखाभाऊच्या घरी गेलो होतो. त्याची बायको जनाबाई, तिला आम्ही वहिनी म्हणायचो, वैतागलेली होती. देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवायला जागा उरली नव्हती, आणि त्यातलाच एक पाहुणी आलेल्या भाचीने चुकून कालवणाला फोडला होता.

"लोकाचा शबुद कालवनात गेला," ती मला म्हणाली. "आता म्या समदे वर टांगलेत. आधी आला त्यो आधी."

ओसरीच्या आढ्याखाली आडवी काठी बांधून तिने नारळ शेंडीने ओळीत टांगले होते. त्याच काठीला मधोमध पळसाच्या पानांचं एक इरलं अडकवलेलं होतं. भातलावणीत पाठीवर पावसासाठी घेतात ते. त्याला दुसरी जागा नव्हती म्हणून तिथे. मी बघत राहिलो. मग म्हणालो, "भाऊ, हे इरलं म्हणजे पावसाळा समजा. तुमच्या माणसांकडून पावसाआधी जेवढी कामं पुरी होतील तेवढेच नारळ इरल्याच्या अलीकडे टांगा. बाकीचे पलीकडे. नारळ मागे फिरवायचा नाही. फक्त तो कुठे टांगला ते गिऱ्हाईकाला दाखवायचं."

सखाभाऊने बराच वेळ काठीकडे बघितलं. वहिनी मधेच म्हणाली, "आन वरीसभर टांगून सुकला तर? सुका नारळ पायाला फोडायचा व्हय?"

"तवा ताजा आपुन न्यायचा," सखाभाऊ म्हणाला. "वाट बगायला आपुन लावली, तर नारळबी आपलाच."

हा नियम माझा नव्हता. पण मी तो पुढे प्रत्येक वर्गात माझाच असल्यासारखा सांगितला.

त्या दिवशी काठीवर अलीकडे तीन नारळ राहिले. दोन दुकानगाळ्यांचे आणि तिसरा पारूमावशीचा. स्टेशनाजवळ पारूमावशीची खाणावळ होती. इंजिनावरची माणसं आणि गँगमन तिच्याकडे जेवत. मागची मातीची भिंत कलली होती म्हणून सखाभाऊने छप्पर उतरवून भिंत पाडली होती आणि नवी बांधायला घेतली होती. मावशी उघड्यावर तीन दगड मांडून जेवण रांधत होती. पावसाआधी छप्पर चढलं नाही तर चूलही गेली आणि घरही. नवरा वारल्यापासून त्या चुलीवर तिचं सगळं चालत होतं.

आणि माघात शेठ आले. मुंबईचे शेठ, माणूस खरोखर चांगला. चांदीच्या तबकात नारळ, वर शालजोडी. बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांना मोठं लॉजिंग बांधायचं होतं. असलं काम सखाभाऊला जन्मात मिळालं नव्हतं. अट एकच होती. पावसाळ्याआधी खालचा मजला उभा हवा, आणि त्यासाठी सखाभाऊने आपली सगळी माणसं आजपासून तिकडे न्यायची.

योगायोगाने मी तिथे होतो आणि छपराचं विचारायला पारूमावशीही आली होती. मावशीच म्हणाली, "घ्या भाऊ शेठचं काम. माजं काय, ताडपत्री बांधून काढीन येक पावसाळा."

तिने हे मनापासून म्हटलं, आणि त्यामुळे सगळंच अवघड झालं. सखाभाऊने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. वर्गात बोलणं वेगळं आणि एखाद्याचं नशीब दारात उभं असताना बोलणं वेगळं. त्याने तबकातला नारळ उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "शेठ, तुमचा नारळ मानानं घेतो. पन हितं न्हाई, त्या इरल्याच्या पल्याड टांगतो. दिवाळी झाली की पाळीनं तुमचं काम धरतो."

शेठना इरल्याचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. "भाऊ, बात तुमची खरी आहे," ते म्हणाले, "पण माझा सीझन थांबणार नाही." नारळ त्यांनीच अलगद परत घेतला, मावशीला नमस्कार केला आणि गाडीत बसले.

आता अशा गोष्टीत पुढे काय होतं ते आपल्याला ठाऊक असतं. शेठचं काम फसतं, ते पस्तावून परत येतात. तसं काही झालं नाही. शेठनी पुण्याचा ठेकेदार लावला. त्याने आपली माणसं सोलापूरकडून आणली, त्यांना राबही नव्हता आणि भातही नव्हतं. लॉजिंगचा खालचा मजला पावसाआधी उभा राहिला, चांगला राहिला, आणि पुढे खूप चालला. मी त्याच्यासमोरून जाताना मान वळवायचो.

वर्गात चर्चा सुरू झाली की मास्तरने सखाभाऊचं वाटोळं केलं. माणसं यायची कमी झाली. एका बाजाराच्या दिवशी तर मी आणि खंडूच, आणि खंडू चहासाठी आला होता. संघाच्या चिटणीसांनी मला बोलावून सौम्यपणे विचारलं की वर्ग बंद करावा का. मी म्हणालो, पावसाळा जाऊ द्या.

पारूमावशीच्या घरावर कौलं चढली तेव्हा डोंगरातली माणसं निघायच्या तयारीत होती. शेवटचं कौल बसवून ती तिथेच जेवली. मावशीने कुणाला पैसे काढू दिले नाहीत.

मग पाऊस लागला. ऐन आषाढात, बाजाराच्या दिवशी, मी शाळेच्या पायरीवर उभा होतो. समोरच्या भर रस्त्यातून सखाभाऊ येताना दिसला. मागच्या गल्लीतून नव्हे. छत्री उंच धरलेली, तोंड उघडं. दोन्ही बाजूंच्या दुकानदारांना रामराम घालत, मधेच थांबत, कुणाच्या पोराच्या गालाला हात लावत तो चालला होता. गाळ्यांचे दोन्ही मालक आपल्या दुकानातून हाक मारून त्याला चहाला बोलावत होते. बाजार बघत राहिला. ठेकेदार तर बघतच राहिले.

माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, "शेठचं काम गेलं त्याचं वाईट वाटतंय मास्तर. न्हाई कशाला म्हनू? लय वाईट वाटतंय. पन किती वर्सांनी पावसाळ्यात ह्या रस्त्यानं आलो, ते तुमाला न्हाई कळायचं."

त्या दिवाळीनंतर लोणावळ्यापासून उर्स्यापर्यंत ठेकेदारांच्या ओसऱ्यांत काठ्या आणि इरली दिसू लागली. गिऱ्हाईक आलं की आधी वर बघे. "अलीकडे जागा हाय का?" हा धंद्यातला सरळ प्रश्न झाला. मी फळ्यावर वर्षानुवर्षं जे लिहीत होतो, त्यातलं बाकीचं किती टिकलं कुणास ठाऊक. हे टिकलं.

काही वर्षांनी घोरावाडीला मी जागा घेतली. शुभ दिवस बघून, बायकोला घेऊन, नारळ घेऊन सखाभाऊकडे गेलो. अलीकडे तीन नारळ होतेच, पण मला वाटलं, आपलं काय, आपण मास्तर. सखाभाऊने नारळ कपाळाला लावला आणि माझ्याकडे न बघता इरल्याच्या पलीकडे टांगला.

"यंदा न्हाई मास्तर."

"माझ्या आधी कोण आहे?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"ह्यो शेवटचा नारळ वरच्या वाडीतल्या कोंडूचा. धरणाच्या वाटंवर चहाचं दुकान काडतोय."

"एका खोलीचं?"

"रांग खोल्यांवर न्हाई लावत मास्तर. तुमीच शिकिवलंय."

परतीच्या गाडीत बायको वाटभर हसत होती. त्या उन्हाळ्यात मी कोंडूच्या दुकानात चहा प्यायलो. चहा उत्तम होता, आणि माझा राग तिथेच विरघळला.

त्याच श्रावणात सखाभाऊ गेला. ताप आला, उतरला असं वाटलं, आणि तो गेला. धंद्यात इतका जवळचा माणूस मला पुन्हा मिळाला नाही.

तेराव्याला माझे सगळे जुने विद्यार्थी आले होते. जेवणं झाल्यावर आम्ही ओसरीत बसलो. बाहेर पाऊस कोसळत होता. इरल्याची अलीकडची बाजू रिकामी होती, तिकडची सगळी कामं तो पुरी करून गेला होता. पलीकडे तीन नारळ लटकत होते, त्यातला पहिला माझा. जनावहिनी दारात उभी राहिली. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "त्यांनी घेतल्याले हायेत. म्या बाईमानूस कुनाकुनाच्या दारात परत द्यायला जाऊ? आन काय सांगू?"

मी वर्गात नेहमी सांगत असे की करार माणसाबरोबर संपतो. तेच आता सांगायला हवं होतं. तिचं ओझं निदान एका नारळाने हलकं व्हावं म्हणून मी माझा सोडून घ्यायला उठलो. तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरला. तो खंडू होता.

"बसा मास्तर."

त्याने हात वर करून माझ्या नारळाची शेंडी सोडली, नारळ कपाळाला लावला आणि आपल्या पिशवीत ठेवला. मग दुसरा एक जण उठला, त्याने दुसरा घेतला. तिसऱ्यासाठी दोघे एकदम उठले. कुणी कुणाला विचारलं नाही. त्या सगळ्यांच्या काठ्या मला पाठ होत्या. प्रत्येकाच्या अलीकडे पुढच्या हंगामाचे नारळ आधीच भरलेले होते. नाही म्हणायला ते आता पुरते शिकलेले होते, भल्याभल्यांना म्हणतही होते. त्या दिवशी एकानेही म्हटलं नाही. वहिनीने पदर डोळ्यांना लावला. मीही काही कोरडा राहिलो नाही, उगाच कशाला लपवू.

निघताना खंडूने सवयीने माझ्या पायांकडे बघितलं. चिखलाने भरलेली, अंगठा तुटलेली माझी चप्पल त्याने नीट न्याहाळली.

"मास्तर, भाव सखाभाऊनं लावला असता त्योच," तो म्हणाला.

दिवाळी झाली, भातं निघाली, आणि एका सकाळी खंडू घोरावाडीला जागेवर हजर झाला. हातात नवा, पाण्याने भरलेला नारळ होता. "जुना सुकला," तो म्हणाला. "वाट बगायला आमीच लावली ना." त्याने तो पायाच्या दगडावर फोडला. घर पावसाच्या आत पुरं झालं. आजवर गळलेलं नाही.

पाया पुजून आम्ही परत निघालो तेव्हा बायको म्हणाली, "त्या दिवशी वहिनींच्या ओसरीत त्यांनी नारळ उतरवून घेतले, ते तुम्ही शिकवलं होतंत?"

"नाही," मी म्हणालो. इतकं सरळ 'नाही' मला आयुष्यात पहिल्यांदाच म्हणता आलं.